एका ठोक्याचा मानकरी

ऑस्ट्रियातल्या हामरबाख या गावी ऑर्केस्ट्रात बसायला दोनपैकी एक पात्रता लागते. एक तर तुम्हाला वाद्य वाजवता आलं पाहिजे, नाहीतर तुम्ही बाहेरचे असलं पाहिजे. पहिली पात्रता गावात घरटी एकाकडे आहे. दुसरी त्या साली दोघांकडेच होती, आणि त्यातल्या एकाचा हात प्लास्टरमध्ये होता.

उरलो मी.

प्लास्टरमधला हात रावबहादूर लाइमर यांचा. त्यांची खरी पदवी 'होफराट', म्हणजे दरबारचे सल्लागार. दरबार उठून शंभर वर्षं झाली, सम्राट गेले, साम्राज्य गेलं, पण सल्लागार अजून नेमले जातात आणि निवृत्त झाल्यावर दारावर पितळी पाटी लावतात. आपल्याकडे याला रावबहादूर हा एकच शब्द आहे, तेव्हा मी तोच वापरतो. लाइमर हे निवृत्त न्यायाधीश. ख्रिसमसच्या तयारीत, गच्चीवर कागदी तारा टांगताना शिडीवरून पडले आणि उजवं मनगट मोडून बसले. गाव हळहळलं. पण त्यात मनगटाबद्दलची हळहळ कमी होती. खरी काळजी होती ती ऐरणीची.

एक जानेवारीला सकाळी हामरबाखच्या नगर सभागृहात नववर्षाची मैफल होते. ऑर्केस्ट्रा गावचाच. दातांचा डॉक्टर चेलो वाजवतो, बेकरीवाला श्टाडलर हॉर्न फुंकतो, प्राप्तिकर कार्यालयातल्या बाई पहिल्या व्हायोलिनवर असतात आणि माझी बायको गेर्लिंडे व्हायोलावर. सगळे नटूनथटून येतात, वॉल्ट्झ होतात, पोल्के होतात, पुढच्या रांगेतल्या आज्या खुर्चीतल्या खुर्चीत नाचतात. शेवटी होतो लोहारांचा पोल्का. हे गाव पूर्वी कोयत्या-विळ्यांच्या भट्ट्यांचं. कुणा शाळामास्तरानं त्या भट्ट्यांच्या आवाजावर हा पोल्का रचला आणि त्यात वाद्य म्हणून खरीखुरी ऐरण घातली. पोल्काभर ऐरण इतरांच्या बरोबरीनं वाजत राहते. मग अखेरीस सगळे एकदम थांबतात. पूर्ण शांतता. त्या शांततेत ऐरणीचा एकच ठोका, टिंग. मग सगळ्यांचा मिळून शेवटचा सूर.

तो ठोका स्वच्छ पडला की गावाला वर्ष चांगलं जातं, अशी समजूत आहे.

आता अशी समजूत असली की मान आला आणि मान आला की भांडण आलं. आपल्याकडे होळीच्या पहिल्या पोळीवरून पाटलांची डोकी फुटली आहेत, तशी इथे वरच्या आणि खालच्या आळीची ऐरणीवरून फुटली. शेवटी गावानं ठराव केला की ठोका गावातल्या कुणीच मारायचा नाही, बाहेरच्यानं मारायचा. रावबहादूर चाळीसेक वर्षांपूर्वी ग्रात्सहून इथे बदलून आले. ते बाहेरचे. ग्रात्स मोटारीनं दोन तासांवर आहे.

*

"तुला विचारणार आहेत," तालमीहून आल्या आल्या गेर्लिंडे म्हणाली.

"काय?"

"ऐरण. उद्या झाउनरबाई येतील. नाही म्हणायचं असेल तर आत्ताच ताप आणून ठेव."

मी सूप पीत होतो. खरं सांगायचं तर मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की म्हणजे मी अजून बाहेरचा. या गावात मी अठरा वर्षं कचरा पाच डब्यांत वेगवेगळा टाकतो. अग्निशमन दलाच्या जत्रेत दरवर्षी बिअर पितो आणि वर देणगी देतो. रस्त्यात कुत्रं दिसलं तर आधी कुत्र्याला आणि मग मालकाला नमस्कार करतो. मी रोपवेच्या कारखान्यात लोखंडी दोरांची तपासणी करतो, म्हणजे हामरबाखचे अर्धे लोक डोंगरावर जातात ते माझ्या सहीवर लटकून. इतकं असून गावात माझी ओळख 'गेर्लिंडेचा नवरा' एवढीच, आणि आता कळलं की त्याच्याही आधी 'बाहेरचा'.

दुसऱ्या दिवशी झाउनरबाई आल्या. बाई ऑर्केस्ट्राच्या संचालिका, पूर्वी शाळेत संगीत शिकवायच्या. गावातल्या प्रत्येकाला त्यांनी कधी ना कधी वर्गाबाहेर उभं केलेलं आहे. सोबत बेकरीवाला श्टाडलर आपली सर्वांत मोठी पाववडी घेऊन आला होता. मागणी घालायला आल्यासारखे दोघं सोफ्याच्या कडेवर बसले.

"हेर इंजिनियर, तालाचं काही अंग आहे का?" बाईंनी विचारलं. इथे 'हेर' म्हणजे श्रीयुत.

"लहानपणी दोन वर्षं तबला शिकलोय," मी म्हणालो. ते अर्धसत्य होतं. दोन वर्षं मास्तरांकडे जात होतो, एवढं खरं.

"मग प्रश्नच मिटला," श्टाडलर म्हणाला. "तबल्याला दोन हात लागतात. इथे एकच."

"आणि शेवटचा ठोका चुकला तर?"

बाईंनी श्टाडलरकडे पाहिलं, श्टाडलरनं पावाकडे.

"तर काही नाही," बाई म्हणाल्या. "लोकांच्या काहीतरी समजुती असतात."

"कसल्या?"

"एकदा चुकला होता. माझ्या लहानपणी. लिंत्सचे एक पशुवैद्य होते, त्यांना शिंक आली. त्या वसंतात नदी खालच्या आळीत शिरली. योगायोग. आपण सुशिक्षित माणसं, आपण असलं मानत नाही."

"अजिबात नाही," श्टाडलर म्हणाला. त्याची बेकरी खालच्या आळीत, नदीला लागून आहे. "आजोबांची भट्टी छातीइतक्या पाण्यात होती, एवढंच सांगतो. मानत नाहीच आम्ही."

माझं मौन त्यांनी होकार समजून घेतलं आणि पाव ठेवून ते निघाले.

*

आता सराव करायचा तर ऐरण हवी. ऐरण होती गावच्या म्युझियममध्ये, दोरीच्या कुंपणात. शेवटची भट्टी बंद पडली तेव्हा ती वारसा-वस्तू म्हणून जाहीर झाली. म्युझियमच्या व्यवस्थापिकेनं मला अर्ज करायला सांगितलं. अर्जात 'वापराचा हेतू' असा रकाना होता. मी लिहिलं, 'ठोकणे'.

"यानं वस्तूला इजा होण्याचा संभव आहे का?" तिनं विचारलं.

"बाई, ती ऐरण आहे. दोनशे वर्षं तिनं ठोकेच खाल्लेत."

"ते आमच्याकडे येण्यापूर्वी," ती म्हणाली.

अखेर निर्णय असा झाला की ऐरण सभागृहात नेण्यात येईल, नेताना अग्निशमन दलाचे चार जवान उचलतील, रंगीत तालमीला एकदा आणि मैफलीला एकदा तिच्यावर ठोकता येईल. एरवी हेर इंजिनियर यांनी ती कुंपणाबाहेरून पाहावी. मी तीन वेळा जाऊन पाहून आलो. चौथ्यांदा तिकीट मागितलं तेव्हा थांबलो.

म्हणून मी घरी बिडाच्या तव्यावर सराव सुरू केला. पहिल्याच संध्याकाळी दाराची घंटा वाजली. खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ पिख्लर. मी त्यांना मनातल्या मनात पिख्लर काकू म्हणतो. तोंडावर म्हणायची सोय नाही, कारण इथे नाती रक्ताची असावी लागतात. काकूंच्या हातात इमारतीचे नियम होते, चष्मा लावलेला होता.

"दुपारी बारा ते दोन शांतता," काकू म्हणाल्या. "रविवारी दिवसभर शांतता. आत्ता वाजवायला हरकत नाही."

"मग?"

"तुम्ही उशिरा येताय."

"कुठे?"

"ठोक्यावर. मी खाली भांडी घासताना ऐकतेय. टिंग पडायला हवं तेव्हा पडत नाही, नंतर पडतं. माझी पुतणी आठ वर्षांची आहे, तिलाही खटकलं. आत येऊ का?"

त्या दिवसापासून काकू रोज विणकाम घेऊन माझ्या स्वयंपाकघरात बसू लागल्या. हा पोल्का त्यांना पाळण्यापासून पाठ. तोंडानं त्या सगळा ऑर्केस्ट्रा म्हणायच्या, हॉर्नच्या जागी गाल फुगवायच्या आणि माझ्या जागी सुई टोचल्यासारखी मान हलवायच्या. मी चुकलो की टाके उसवायच्या. डिसेंबर संपत आला तरी मोज्याची टाच वळली नव्हती.

बातमी गावभर झाली आणि सल्ले येऊ लागले. खाटीक म्हणाला, जोर खांद्यातून हवा, हाडं तोडतो तसा. पोस्टमनबाई म्हणाल्या, मनगटातून, शिक्का मारतो तसा. पाद्रीबुवांनी सांगितलं की प्रार्थना करा, पण सरावही सोडू नका. दंतवैद्यानं माझे दात तपासता तपासता, तोंडात आरसा असताना, तीन सूचना केल्या, आणि त्यांवर मला 'आ' पलीकडे मत देता आलं नाही. प्रत्येकाचं शेवटचं वाक्य एकच असायचं. "आम्ही काही मानत नाही हं. पण नदीचं लक्षात असू द्या."

मला झोपेत नदी दिसू लागली.

शेवटी मी रावबहादुरांकडे गेलो. प्लास्टरचा हात गळ्यात, समोर कॉफी, पाठीमागे कायद्याची पुस्तकं. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. बहुधा जुनी सवय.

"तुम्ही हातोडा मारता," ते म्हणाले. "मारायचा नसतो, पडू द्यायचा असतो."

"म्हणजे?"

"शांतता आली की माणूस घाबरतो. ती भरून काढायला धावतो. तुम्ही इंजिनियर, तुम्हाला काम उरकायची सवय. मी न्यायाधीश, निकालाआधी थांबायची सवय. खटल्यातली सगळी माणसं श्वास धरून बसलेली असतात, तेव्हा घाईनं बोललेला निकाल बरोबर असला तरी चुकीचा वाटतो. थांबा. बाईंची तालाची काठी खाली आली की पडू द्या."

मग त्यांनी आपला काळा कोट आणि लोहाराचा कातडी एप्रन मला दिला. ऐरणकऱ्याचा तोच वेश. रावबहादूर माझ्यापेक्षा वीतभर उंच आहेत आणि सोट्यासारखे आहेत. मी तसा नाही. कोट खांद्याला सैल, पोटाला घट्ट आणि गुडघ्याखाली लोंबणारा. आरशात मी लग्नातल्या बँडवाल्यासारखा दिसत होतो. बँड निघून गेलेला आणि हा मागे राहिलेला.

*

रंगीत तालमीला मी पहिल्यांदा ऑर्केस्ट्राच्या आत उभा राहिलो.

आजवर मी समोर बसून ऐकलं होतं. समोरून ऑर्केस्ट्रा एका मोठ्या प्राण्यासारखा दिसतो. आतून तसं नसतं. आतून दंतवैद्याच्या चेलोची थरथर पायांखालच्या फळ्यांतून घोट्यात चढते. शेजारी बासरीवालीचा श्वास ऐकू येतो, सुराच्या आधी. पुढे गेर्लिंडेची मान दिसते, आणि अठरा वर्षं शेजारी झोपलेल्या बायकोच्या मानेला ती वाजवताना असा बाक येतो हे आपल्याला माहीत नव्हतं असं लक्षात येतं. काल ज्यानं मला पाव देताना सुट्टे पैसे नाहीत म्हणून कुरकुर केली त्या श्टाडलरनं हॉर्न ओठांना लावला आणि सभागृहात धुक्यातल्या डोंगरासारखं काहीतरी उभं राहिलं. प्राप्तिकरवाल्या बाई डोळे मिटून हसत होत्या. त्या हसू शकतात ही गोष्ट तालुक्यात कुणाला ठाऊक नव्हती.

ही सगळी माणसं मी रोज बघत होतो, आणि हे सगळं त्यांच्याकडे रोज होतं.

मी तोंड उघडं टाकून ऐकत राहिलो. ऑर्केस्ट्रा थांबला. मला वाटलं पोल्का संपला.

"हेर इंजिनियर," झाउनरबाई म्हणाल्या, "ऐकायचंच असेल तर तिकीट काढून समोर बसा. इथे उभं राहणाऱ्यानं वाजवायचं असतं."

चार जवानांनी उचलून आणलेल्या ऐरणीवर मी एकदाही ठोकलं नव्हतं. गेर्लिंडेनं मागे वळून पाहिलं नाही. पण तिचे कान लाल झाले होते.

*

एकतीस डिसेंबरला गेर्लिंडे तिच्या आईला आणायला शेजारच्या गावी गेली आणि मी घरी एकटाच, नदीचा विचार करत. अशा वेळी मराठी माणूस जे करतो ते मी केलं. कोंबडीचा रस्सा केला. चांगला खोबरं-कांदा भाजून, तिखटजाळ. दोन वाट्या प्यायलो आणि पहिल्यांदाच नदी विसरलो.

घंटा वाजली. काकू. त्यांनी दारातच नाक वर केलं.

"हा वास कसला?"

"कोंबडी. थोडी देऊ?"

काकू भिंतीला टेकल्या. "आज? कोंबडी? आज?"

मग मला आठवलं. अठरा वर्षं ज्या घरात वर्षअखेरीला डुकराचं मटण आणि मसूर होतात, त्या घरातल्या माणसाला हे आठवायला हवं होतं. या दिवशी पंखवालं काही खायचं नाही. खाल्लं की वर्षाचं नशीब पंख लावून उडून जातं. पोरगंसुद्धा ही चूक करत नाही. ही चूक फक्त बाहेरचा करू शकतो, आणि तोही ऐरणीच्या आदल्या दिवशी.

"कुणाला सांगू नका," मी म्हणालो.

"मी कशाला सांगतेय," काकू म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

संध्याकाळच्या आत वरच्या आळीपर्यंत कळलेलं होतं. नदीकाठची तीन कुटुंबं तळघरातल्या बटाट्यांची पोती वर नेताना दिसली. मानत कुणीच नव्हतं. बटाट्यांना वारा लागावा म्हणून नेत होते.

सकाळी सभागृहाच्या दारात माणसं उभी होती. प्रत्येकाच्या हातात डुक्कर.

नव्या वर्षाला इथे शुभ म्हणून एकमेकांना छोटी डुकरं देतात. बदामाच्या लगद्याची, चॉकलेटची, साबणाची. एरवी एखादं मिळतं. मला त्या दिवशी सबंध गावानं दिली. कोंबडीवर उतारा म्हणून. आणि उतारा असल्यामुळे त्याचे नियम कडक होते. नाकारायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं नाही, मैफल संपेपर्यंत खायचं नाही, खाली जमिनीवर ठेवायचं तर मुळीच नाही. मी खिशात भरत गेलो. रावबहादुरांचा कोट त्यांच्या देहाला शिवलेला असला तरी खिसे सढळ होते. बाहेरचे भरले, आतले भरले, विजारीचे भरले. मी चाललो की डुकरं एकमेकांवर घासून कुरकुरत होती.

सगळ्यात शेवटी श्टाडलर आला. त्यानं रात्रभर खपून बदामाच्या लगद्याचं केलेलं डुक्कर लिंबाएवढं होतं. गुलाबी, हसरं, खाली खडीसाखरेचा कडक पाट.

"हे खास," तो म्हणाला. एवढंच. त्याचे डोळे रात्रभर भट्टीसमोर लाल झाले होते, की आणखी कशानं, मी विचारलं नाही.

मी रंगमंचावर जागेवर गेलो. खिशांत जागा नव्हती. एप्रनला खिसा नव्हता. जमिनीवर ठेवायचं नाही. पोल्क्याला वेळ होता. मी ते डुक्कर ऐरणीच्या टोकावर ठेवलं. दोन मिनिटांसाठी.

*

मैफलीबद्दल फार सांगत नाही, कारण मला सांगता येत नाही. वॉल्ट्झ सुरू झाले आणि पुढच्या रांगेतल्या आज्यांचे खांदे हलू लागले. बाल्कनीतल्या म्हाताऱ्यानं कठड्यावर बोटं धरली. मीही ऐकत होतो, पण या वेळी ऐकताना मोजत होतो, आणि मोजता मोजता असं वाटलं की एवढी माणसं एकाच क्षणी एकच श्वास घेतात ही गोष्ट आपण आयुष्यात दुसऱ्या कुठे पाहिलेली नाही.

लोहारांचा पोल्का सुरू झाला. मी हातोडा उचलला. पहिला ठोका बरोबर पडला. दुसरा पडला. काकू तिसऱ्या रांगेत होत्या, विणकाम घेऊन. त्यांनी एक टाका घातला.

मला सांगितलेलं होतं, नजर बाईंच्या काठीवरून हलवायची नाही. मी हलवली नाही. त्यामुळे सबंध सभागृहाला जे दिसत होतं ते फक्त मला दिसत नव्हतं. ऐरण म्युझियमच्या लाकडी बैठकीवर किंचित कलती होती. मी ठोका मारला की ती थरथरायची, आणि थरथरली की श्टाडलरचं डुक्कर साखरेच्या पाटासकट एक बोट पुढे सरकायचं. टिंग, एक बोट. टिंग, एक बोट. हसत हसत ते ऐरणीच्या मधोमध येत होतं. लोक पोल्क्यावर टाळ्या देत होते, त्या हळूहळू थांबल्या. मला वाटलं, माझं वाजवणं ऐकताहेत. गेर्लिंडेनं एकदा मान वळवली, डोळे मोठे केले. मला वाटलं, कौतुक.

ऑर्केस्ट्रा थांबला.

शांतता आली. मी थांबलो. खरंच थांबलो. रावबहादूर म्हणाले होते तसा थांबलो, आणि एवढ्या मोठ्या शांततेत उभं राहण्यात काय आहे ते मला कळलं. बाईंची काठी खाली आली. मी हातोडा पडू दिला.

फच्च.

टिंग नाही. काहीच नाही. उशीवर बुक्की मारल्यासारखं. मी खाली पाहिलं. गुलाबी लगदा, आणि त्यात एक हसरा कान.

बालपणापासून माझा जेवढा अपमान झाला असेल तेवढा एकदम परत झाल्यासारखं वाटलं. पण ते क्षणभर. मग मला श्टाडलर दिसला. हॉर्न ओठांपाशी धरलेला, शेवटच्या सुरासाठी श्वास भरून घेतलेला, आणि तो श्वास सोडायला तो घाबरत होता. त्याची नजर माझ्याकडे नव्हती. खिडकीकडे होती. खिडकीतून नदी दिसते.

झाउनरबाईंनी शेवटच्या सुराची खूण दिली नाही. काठी परत वर नेली आणि तशीच धरली. मग त्या आमच्याकडे पाठ करून लोकांकडे वळल्या. गावातल्या प्रत्येकाला त्यांनी कधी ना कधी वर्गाबाहेर उभं केलेलं आहे, हे मी वर सांगितलं. त्यांनी भुवई उचलली. मी डाव्या हातानं लगदा बाजूला ढकलला आणि हातोडा उचलला. कुणी खोकलं नाही. काठी खाली आली.

"टिंग," सगळं सभागृह म्हणालं.

महापौर म्हणाले, पाद्रीबुवा म्हणाले, खाटीक आणि पोस्टमनबाई म्हणाल्या, बाल्कनीतला म्हातारा म्हणाला. वरची आळी म्हणाली, खालची आळी म्हणाली. शंभर वर्षं ज्यांना हा ठोका मारायची बंदी होती, त्या सगळ्यांनी तो एकदम मारला. आणि त्याच्या मधोमध कुठेतरी माझा हातोडा पडला. लवकर पडला की उशिरा, मला आजही सांगता येणार नाही, कारण तो वेगळा ऐकूच आला नाही.

मग शेवटचा सूर. श्टाडलरचा श्वास त्यात गेला.

टाळ्या सुरू होत्या तेव्हा लोक रंगमंचावर येऊ लागले. मला वाटलं, मारायला. त्यांनी ऐरणीवरचा लगदा चिमटीनं उचलला, एकेक चिमूट, तोंडात टाकली आणि पुढे गेले. म्युझियमची व्यवस्थापिकासुद्धा. या गोष्टीला त्यांच्या भाषेत शब्द नाही. माझ्या भाषेत आहे. मीही एक चिमूट उचलून तोंडात टाकली.

रावबहादूर शेवटी आले. डाव्या हातानं चिमूट घेतली.

"इतकी वर्षं मी ठोका मारला," ते म्हणाले. "मला कुणी साथ दिली नाही." आणि तोंड पुसून निघून गेले.

*

हे टिंग कायदेशीर धरायचं की नाही यावर गावात वसंतापर्यंत दोन पक्ष होते. एप्रिलमध्ये बर्फ वितळलं. नदी फुगली, श्टाडलरच्या दुकानाच्या पायरीला लागली, रात्रभर तिथे थांबली आणि परत गेली. दोन्ही पक्षांनी मान्य केलं की आपण असलं काही मानत नाही.

मे महिन्यात ऑर्केस्ट्राची वार्षिक सभा झाली. सभेला गोड गोळे असतात. बटाट्याच्या कणकेत जर्दाळू भरून उकडलेले, वर परतलेला पावाचा चुरा. हामरबाखमध्ये या गोळ्यांबद्दल बोलताना लोक आवाज खाली आणतात. त्या वर्षीचे पिख्लर काकूंनी केले होते.

श्टाडलर उभा राहिला. "मला एक सूचना मांडायची आहे. हेर इंजिनियर इथे अठरा वर्षं आहेत. एक जानेवारीला काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. माझं म्हणणं असं, की यापुढे त्यांना बाहेरचं म्हणू नये. ते आपले."

सगळ्यांनी टेबलांवर बोटांच्या पेरांनी टकटक केली. इथे टाळ्यांपेक्षा त्याची किंमत जास्त. गेर्लिंडेनं टेबलाखाली माझा हात धरला. अठरा वर्षांचे पाच डबे माझ्या डोळ्यांपुढून गेले. मी उठून आभार मानणार, एवढ्यात चिटणीस म्हणाले, "मग ऐरणीसाठी दुसरं माणूस बघावं लागेल. साल्झबुर्गहून ती नवी नर्स आलीय, तिला विचारू."

मी अर्धवट उठलेला तसाच राहिलो.

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आपला झालो की ऐरण गेली. ती शांतता गेली. पुढच्या एक जानेवारीला मी समोर, तिकीट काढून.

शेजारी रावबहादूर बसले होते. मनगट बरं झालं होतं, पण हातोडा परत घेणार नाही म्हणून त्यांनी कळवलं होतं. त्यांनी ओठ न हलवता विचारलं, "मी चाळीस वर्षं बाहेरचा कसा राहिलो, विचार केलाय कधी?"

"कसे?"

"दरवर्षी याच सभेत सांगायचो. ग्रात्सचे गोळे यांच्यापेक्षा हलके असतात." त्यांनी माझ्या ताटलीकडे पाहिलं. "नसतात. पण सांगायचो."

मी पूर्ण उभा राहिलो. सगळे माझ्याकडे बघत होते, प्रेमानं. काकू हसत होत्या.

"मी आभारी आहे," मी म्हणालो. "पण आमच्याकडेही असा एक पदार्थ असतो. तांदळाच्या उकडीचा. आत ओलं खोबरं आणि गूळ. वरती बोटांनी कळ्या पाडून मुरड घालतात, देवळाच्या कळसासारखं टोक येतं."

शांतता झाली. ओळखीची शांतता. मी घाई केली नाही. थांबलो. मग पडू दिलं.

"तुमचे गोळे चांगले आहेत," मी म्हणालो. "पण ते नुसते गोल आहेत."

कुणाचा तरी काटा ताटलीत पडला. श्टाडलर सावकाश खाली बसला. चिटणिसांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि सूचना मागे घेतली जात असल्याचं जाहीर केलं. हेर इंजिनियर हे बाहेरचे असल्याचा ठराव एकमतानं मंजूर झाला. काकूंचा हात सर्वांत आधी वर गेला.

घरी जाताना गेर्लिंडे पुलावर थांबली. मग म्हणाली, "माझ्या आईचेही नुसते गोल असतात का?"

मी नदीकडे पाहिलं. ती फार खालून, शांत वाहत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता दाराची घंटा वाजली. बारा ते दोन या वेळेत आमच्या इमारतीत कुणी घंटा वाजवलेली मला आठवत नाही. दारात पिख्लर काकू. हातात नियमांचा कागद नव्हता. एप्रन बांधलेला, बाह्या वर केलेल्या, आणि भांड्यात मळलेली कणीक.

"त्या कळ्या," काकू म्हणाल्या. "कशा पाडतात ते दाखवा."

मी बाजूला झालो. त्या आत आल्या आणि दार स्वतःच लावून घेतलं.

"आणि कुणाला सांगू नका," त्या म्हणाल्या. "नाहीतर तुमची ऐरण जाईल."